पंप बदलायचाय? आधी टाकीपर्यंत पोचा

पिकअपचा पेट्रोल पंप बदलायला जेमतेम वीस मिनिटं लागतात. त्या पंपापर्यंत पोचायला मात्र अर्धा दिवस जातो. पहिल्यांदाच करत असाल तर अख्खा दिवस धरा आणि दुसऱ्या दिवशीची भाडी घेऊ नका. पंप असतो टाकीच्या आत, टाकीच्या डोक्यावरून खाली सोडलेला. टाकी चॅसिसला लटकलेली आणि तिच्या बरोबर वर हौद्याची जमीन. मधे नीट हातही जात नाही. बऱ्याच कारमध्ये मागच्या सीटखाली एक झाकण असतं, ते काढलं की पंप समोर. पिकअपला ही सोय बहुधा नसते.

मी कोपरखैरण्याला राहतो. एक छोटी पेट्रोल-सीएनजी पिकअप आहे. तुर्भ्याच्या एपीएमसीतून भाजी उचलायची आणि ठाण्यातल्या सोसायट्यांना पोचवायची, हा धंदा. मी मिस्त्री नाही. पण दोनदा हे काम स्वतः केलंय: एकदा माझ्या गाडीची टाकी उतरवून, एकदा मेव्हण्याच्या मोठ्या गाडीचा हौदा उचलून. पहिल्या वेळी चुकण्यासारखं जे होतं ते जवळपास सगळं चुकलं. नवीन गाडी घेतलेली पोरं अधूनमधून विचारतात, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहितोय.

पंप आहे कुठे, ते आधी बघा

गाडी पेट्रोलची किंवा सीएनजीची असेल तर इलेक्ट्रिक पंप बहुधा टाकीतच असतो. पेट्रोल किती उरलंय ते मोजणारा फ्लोट, जाळी, पंप हे सगळं एकाच प्लास्टिकच्या सांगाड्यात बसवलेलं असतं. या सांगाड्याला पार्टवाले मॉड्यूल किंवा असेंब्ली म्हणतात.

डिझेलचं तसं नाही. जुन्या डिझेल गाड्यांत पंप इंजिनाला लागून असतो, टाकीत फक्त नळी आणि फ्लोट. तुमची गाडी तशी असेल तर टाकीला हात लावायचं कारणच नाही. कॉमन रेल डिझेलमध्ये जास्त दाबाचा पंप इंजिनावर असतो; टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप काही मॉडेलांत टाकीत असतो, काहींत त्या मोठ्या पंपाच्याच पाठीला जोडलेला. गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल किंवा पार्टवाल्याच्या कॅटलॉगातलं चित्र बघितल्याशिवाय पाना हातात घेऊ नका. पुढचं सगळं पेट्रोल गाडी धरून लिहितोय. टाकी उतरवायची रीत डिझेललाही तीच, फक्त आगीची भीती त्या मानाने कमी. कमी म्हणजे शून्य नव्हे.

पंपच गेलाय ना?

ही पायरी लोक गाळतात. मीही गाळली होती. एका गॅरेजात काही न मोजताच 'पंप गेला' असं सांगितलं, मी नवा पंप घेऊन आलो, आणि शेवटी बिघडलेली निघाली रिले, म्हणजे पंपाला करंट सोडणारा छोटा स्विच. तो पंप सहा महिने कपाटात पडून होता. पुढे कामाला आला, ही गोष्ट वेगळी.

आजूबाजूला शांतता असताना चावी ऑन करा, सेल्फ मारू नका. टाकीच्या बाजूने दोन-तीन सेकंद 'ऊंऽऽ' असा बारीक आवाज यायला हवा. माणूस एकटा असेल तर फिलरचं, म्हणजे पेट्रोल भरायच्या तोंडाचं, झाकण उघडून कान जवळ नेता येत नाही, म्हणून कुणाला तरी चावीपाशी बसवा. आवाज आला म्हणजे पंप फिरतोय. तरीही दाब पुरेसा नसू शकतो, त्यासाठी प्रेशर गेज लावावं लागतं. मल्टिपॉइंट इंजेक्शनच्या गाड्यांत साधारण ३ ते ४ बार दाब सापडतो, नेमका आकडा मॅन्युअलमधला घ्या.

आवाज आलाच नाही, तर आधी फ्यूज बघा. मग रिले. त्याच बॉक्समध्ये हॉर्नची रिले बहुतेक त्याच नंबरची असते, दोघींची अदलाबदल करून बघायला पैसे पडत नाहीत. तिथेही काही सापडलं नाही तर टाकीकडे जाणाऱ्या वायरिंगचा कप्लर (वायरी जोडणारा प्लग) शोधा आणि चावी ऑन करताना तिथे करंट येतोय का ते बघा. इथे एक मेख आहे. मल्टिमीटर १२ व्होल्ट दाखवेल आणि तरीही वायर सडलेली असेल, कारण मीटर स्वतः करंट जवळपास ओढतच नाही. त्याऐवजी २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब दोन वायरी लावून जोडा. बल्ब लख्ख पेटला तर वायरिंग ठीक; मिणमिणला तर दोष वायरीत किंवा अर्थिंगमध्ये आहे. बल्ब तापतो आणि वायरी लावताना ठिणगी उडते, म्हणून ही तपासणी टाकी, नळ्या सगळं बंद असताना, पेट्रोलचा वास नसताना करायची. ठाणे-नवी मुंबईच्या गाड्यांत अर्थिंगचा हा दोष फार आढळतो. खाडीची खारी हवा, चार महिने रस्त्यावरचं पाणी आणि भर म्हणून हौद्यातून गळणारं मासळीच्या बर्फाचं पाणी. मासळीची भाडी मारणाऱ्यांनी तर पंप विकत घेण्याआधी कप्लर उघडून बघावाच. आत हिरवा बुरा दिसला तर कदाचित तिथेच काम संपेल.

शेवटची युक्ती जुन्या ड्रायव्हरांची. एकाने सेल्फ मारायचा आणि दुसऱ्याने टाकीच्या बुडाला रबरी हातोडीने हलके ठोके द्यायचे. गाडी चालू झाली तर पंपाच्या मोटरचे कार्बन ब्रश झिजलेत. गाडी घरापर्यंत येईल, पण पंप बदलणं आता टळत नाही.

सीएनजीवाल्यांसाठी थोडं जास्त

आपल्याकडे पेट्रोल पंप अकाली मरण्याचं एक मोठं कारण सीएनजी हेच आहे, आणि दोष सीएनजीचा नाही, सवयीचा आहे. टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडलेला असतो आणि त्याच पेट्रोलवर थंड राहतो. आपण काय करतो, गॅस स्वस्त म्हणून पेट्रोल कायम रिझर्व्हला. बहुतेक गाड्या पेट्रोलवर चालू होऊन मग गॅसवर जातात, आणि बाहेरून बसवलेल्या काही किटमध्ये तर गॅसवर असतानाही पेट्रोल पंप फिरतच राहतो. तळाशी दोन लिटर पेट्रोल, त्यात घोडबंदर रोडचा चढ-उतार आणि ट्रॅफिक. पंप हवा ओढतो, तापतो आणि जळतो. नवा पंप बसवल्यावर टाकी पाव भाग तरी भरलेली ठेवा आणि आठवड्यातून एकदा दहा-पंधरा किलोमीटर पेट्रोलवर चालवा. माझा पहिला पंप मीच मारला होता.

सीएनजी गाडीत काम सुरू करण्याआधी सिलिंडरचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा. त्या नळीत २०० बारच्या घरात दाब असतो. टाकी काढायला गॅसची नळी किंवा सिलिंडरची ब्रॅकेट हलवावी लागत असेल तर तिथेच थांबा आणि अधिकृत सीएनजी फिटरला बोलवा. इथे स्वतःची हुशारी चालत नाही.

जागा

बिल्डिंगच्या स्टिल्टमध्ये हे काम करू नका. मोह होतो, कारण सावली असते, जमीन सपाट असते, पावसाची काळजी नसते. पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही. पाण्यासारखी जमिनीवर पसरते आणि खोलगट जागी साचते. आता तुमच्या स्टिल्टमध्ये कोपऱ्यात काय आहे ते आठवा: मीटर रूम. पाण्याच्या मोटरचा आपोआप चालू होणारा स्टार्टर. शेजारी कुणाची तरी चार्जिंगला लावलेली स्कूटर. वॉचमनची बिडी मी मोजतच नाही. पेट्रोल उणे ४० अंशांच्या आसपासही पेटू शकेल एवढी वाफ देतं, तेव्हा थंडीत काम करतोय म्हणून निर्धास्त राहण्यातही अर्थ नाही. बेसमेंट पार्किंग आणि गॅरेजचा खड्डा तर त्याहून वाईट.

उघड्यावरची सपाट, पक्की जागा हवी. मी ओळखीच्या गॅरेजवाल्याच्या मागच्या मोकळ्या जागेत केलं. त्याला दोनशे रुपये आणि चहा. मेव्हण्याचं काम तळोजा एमआयडीसीत त्याच्या मालकाच्या शेडबाहेर झालं. मातीवर करू नका, जॅक रुततो. पावसाळ्यात शक्य तो टाळाच. उघड्या टाकीत पाणी गेलं की नव्या पंपाचाही कार्यक्रम झाला म्हणून समजा.

जवळ पावडरचा अग्निशामक सिलिंडर ठेवा, एबीसी लिहिलेला. एक घमेलं कोरडी वाळू. पाण्याची बादली पेट्रोलच्या आगीवर उपयोगाची नाही, पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरतं. मोबाइल कामाच्या जागेपासून लांब ठेवा, पण १०१ लावता येईल एवढ्या अंतरावर. उजेडाला एलईडीची बॅटरी. पिवळ्या बल्बचा हँडलॅम्प नको, त्यावर पेट्रोलचा थेंब पडला की बल्ब फुटतो. हातात नायट्राइलचे मोजे, डोळ्यांना चष्मा. खाली झोपून वर बघत नळी सोडवताना पेट्रोल कुठे येतं हे एकदा अनुभवलं की चष्म्याचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही.

टाकी रिकामी करणं

एक लिटर पेट्रोल म्हणजे पाऊण किलोच्या आसपास. ३० लिटर भरलेली टाकी २२ किलो जास्त जड होते, आणि हे वजन स्थिर नसतं, आत हिंदकळतं. पंप कुरकुरायला लागला की टाकी फुल्ल करू नका, एवढं आधीपासून पाळलं तर निम्मं काम हलकं होतं.

तरी पेट्रोल असलंच तर फिलरमधून नळी सोडून बघा. अनेक गाड्यांत आत झडप असते, नळी अडते. मग जोर करू नका. फिलरचा जाड रबरी पाइप टाकीपाशी सोडवून तिथून नळी घाला. काढायला हातपंप वापरा. तोंडाने ओढायची जुनी पद्धत विसरा. पेट्रोल पोटात गेलं तर त्रास होतोच, फुप्फुसात गेलं तर माणूस दवाखान्यात. भांडं पत्र्याचं किंवा पेट्रोलसाठी बनवलेला कॅन, आणि तो जमिनीवर टेकवून ठेवलेला, हौद्यात किंवा लटकवून धरलेला नको, नाहीतर स्थिर विजेची ठिणगी पडू शकते. वीस लिटरच्या पाण्याच्या बाटल्यांत पेट्रोल भरून जिन्याखाली ठेवणारे महाभाग मी पाहिलेत.

लाइनचा दाब सोडवणं

पंपाची फ्यूज किंवा रिले काढा, सीएनजीचा स्विच पेट्रोलवर करा आणि गाडी चालू करून ती आपोआप बंद पडू द्या. पंप पूर्ण मेला असेल तर गाडी चालू होणारच नाही. अशा वेळी चार-पाच सेकंदांचे दोन-तीन सेल्फ पुरे. मग बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. चावी खिशात. फिलरचं झाकण एकदा सैल करून वाफ जाऊ द्या. इतकं करूनही पहिली नळी सोडवताना तिच्याभोवती फडकं गुंडाळायचं.

टाकी उतरवायची की हौदा उचलायचा

आता खाली वाका आणि नीट बघा. छोट्या पिकअपमध्ये टाकी बहुतेक वेळा चॅसिसच्या बाहेरच्या अंगाला, बाजूने दिसेल अशी लटकलेली असते. पट्टे दिसतात, बोल्टांपर्यंत हात जातो. अशी असेल तर टाकी उतरवा. मोठ्या, डबल कॅबसारख्या गाड्यांत टाकी चॅसिसच्या आत, प्रोपेलर शाफ्टशेजारी घुसवलेली असते आणि खालून दगड अडवणारा पत्रा, म्हणजे स्टोन गार्ड. तिथे हौदा उचलणं सोयीचं, विशेषतः टाकी भरलेली असेल तर.

परदेशातल्या पिकअपवाल्यांचे व्हिडिओ बघून 'हौदा उचला, सहा बोल्ट, झालं' असं वाटतं. त्यांचा हौदा मोकळा असतो. आपल्याकडे हौद्यावर पिंजरा, ताडपत्रीचे पाइप, कॅरिअर, खाली जादा पाट्या, कुणी काय काय वेल्डिंग करून ठेवलेलं. माझ्या गाडीचा हौदा चार माणसांना हलला नाही. म्हणून माझं मत असं: टाकी बाहेरून दिसत असेल तर हौद्याच्या नादाला लागू नका.

तिसरा मार्ग सुचवणाराही कुणीतरी भेटतोच. हौद्याच्या पत्र्याला ग्राइंडरने चौकोन कापायचा, वरून पंप बदलायचा, मग झाकण लावायचं. टाकीपासून दोन बोटं वर ग्राइंडरच्या ठिणग्या. ते सुखरूप पार पडलं तरी पुढे त्या झाकणातून पाणी, मीठ, भाजीचा चिखल सगळं थेट पंपाच्या कप्लरवर. मी हे करणार नाही आणि तुम्हीही करू नये.

टाकी उतरवताना

सगळ्यात जास्त वेळ खातो तो गंज. आदल्या रात्री पट्ट्यांच्या सगळ्या बोल्टांवर गंज सोडवणारा स्प्रे मारा, सकाळी आणखी एकदा. उघडे आटे वायर ब्रशने आधीच साफ करा. सहा कोनांचा गोटी पाना वापरा, बारा कोनांचा नको. गंजलेल्या बोल्टचं डोकं त्याने गोल होतं. बोल्ट हलत नसेल तर थोडा घट्ट, थोडा सैल असं खेळवत काढायचा. गॅसच्या ज्योतीने तापवायचा विचारही नको. तुटलाच तर हाताची हॅकसॉ, तेल टाकत, सावकाश. नवे बोल्ट आधीच आणून ठेवा, कारण जुने परत बसवण्याच्या लायकीचे क्वचितच उरतात. एमएच ४३ आणि एमएच ०४ च्या, म्हणजे नवी मुंबई-ठाण्याच्या, पाच-सात वर्षं जुन्या गाड्यांचे पट्टेही एकदा पिळून बघा. वरून रंग आणि आतून पापड, असं होतं.

गाडीला हँडब्रेक, पहिला गिअर, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड नव्हे तर लाकडी ठोकळे. मागची बाजू उचलायची असेल तर चॅसिसखाली घोड्या (जॅक स्टँड) लावा. गाडीसोबत आलेल्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली झोपू नका, पाच मिनिटांसाठीही नाही.

टाकीखाली ट्रॉली जॅक आणि त्यावर टाकीच्या बुडाएवढी जाड फळी. जॅकचं डोकं सरळ टाकीला लागलं तर पत्रा आत जातो, प्लास्टिक चिरतं. जॅक फक्त टेकवायचा, दाबायचा नाही.

आता क्रम. स्टोन गार्ड असेल तर तो आधी. मग फिलरचा जाड पाइप आणि त्याच्या शेजारचा हवेचा बारीक पाइप, ब्रीदर, दोन्हींचे क्लॅम्प. रबर जुनं असेल तर चिकटलेलं असतं. ओढायच्या आधी पिळून फिरवा. त्यानंतर दोन पट्ट्यांपैकी एक सैल करा, दुसरा सैल करा, आणि मग दोन्ही काढा. टाकी एकदम खाली आणू नका. चार-सहा इंच उतरवून थांबा, कारण वरचा कप्लर आणि पेट्रोलच्या नळ्या अजून जोडलेल्या आहेत आणि आत्ताच कुठे हात आत जायला लागलाय. कप्लरच्या कुलपाची छोटी जीभ दाबून तो काढा.

नळ्यांवर क्विक कनेक्टर असतो आणि माझी सगळ्यात महाग चूक इथेच झाली. त्यात माती अडकलेली असते, त्यामुळे दोन्ही कान दाबूनही तो सुटत नाही. मी पक्कड लावली, हिसका दिला आणि पंपाचं नव्हे, तर इंजिनाकडे जाणाऱ्या लाइनचं प्लास्टिकचं टोक तुटलं. पंप शंभर टक्के तयार आणि गाडी दोन दिवस नळीसाठी उभी. ती दोन दिवसांची भाजी शेजारच्या गाडीवाल्याने पोचवली आणि त्यातली एक सोसायटी त्याच्याकडेच राहिली. तर आधी पाण्याने किंवा हवेने माती धुवा. कनेक्टर पंपाच्या दिशेने आत ढकला, कान दाबा आणि मग बाहेर ओढा. जोर बोटांचाच. प्रत्येक नळीला वेगळ्या रंगाची चिकटपट्टी लावा, फोटोवर विसंबू नका. फोन तर तुम्ही लांब ठेवलाय.

सगळं सुटलं याची टाकीभोवती हात फिरवून खात्री करा आणि जॅक सावकाश खाली घ्या. एक माणूस टाकी धरायला हवाच.

हौदा उचलताना

बोल्ट मोजा. मेव्हण्याच्या गाडीला आठ होते, काही गाड्यांना यू-बोल्ट असतात. हौदा आणि चॅसिस यांच्यामध्ये रबराच्या किंवा लाकडाच्या पट्ट्या असतील तर कुठली कुठे होती ते खडूने लिहून ठेवा. मागच्या दिव्यांचा कप्लर, नंबरप्लेटच्या दिव्याची वायर, हौद्यापासून चॅसिसला गेलेली अर्थिंगची पट्टी आणि फिलरचं तोंड हौद्याच्या पत्र्याला स्क्रूने धरलेलं असेल तर ते स्क्रू, हे चार आधी सोडवा. यातलं एखादं राहिलं की हौदा उचलताना ते तुटतं.

पूर्ण हौदा उतरवायची गरज नाही. टाकी ज्या बाजूला आहे तिकडचे बोल्ट काढा, दुसऱ्या बाजूचे पुरेसे सैल करा आणि हौदा तिरका उचला. फूट-दीड फूट मिळालं तरी पंप बाहेर येतो. उचलायला चेन पुलीचा ब्लॉक असेल तर उत्तम. तळोज्यात शेडचा गर्डर होता, त्यामुळे आम्ही सुटलो. उचलल्या उचलल्या हौदा आणि चॅसिसच्या मध्ये जाड लाकडी ठोकळे सारा आणि वजन त्यांच्यावर येऊ द्या. ठोकळे बसेपर्यंत कुणाचाही हात मध्ये जाता कामा नये. फाळका आधीच काढून बाजूला ठेवलात तर तेवढंच वजन कमी.

झाकण उघडण्याआधी साफसफाई

टाकीच्या डोक्यावर वर्षानुवर्षांची माती साचलेली असते. माझ्या टाकीवर तर कोथिंबिरीची काडी रुजायच्या बेतात होती. ही माती आत पडली तर नव्या पंपाची जाळी आठवड्यात तुंबते. ब्रश, ओलं फडकं, हवा, शक्य तेवढं स्वच्छ करा आणि मगच झाकणाला हात लावा.

सांगाड्यावर बाण असतो, त्यासमोर टाकीवर खूण करा. धरून ठेवणारी लॉक रिंग असेल तर ती घड्याळाच्या उलट दिशेने फिरते. लोखंडी छिन्नी नको. पितळेचा तुकडा किंवा कडक लाकूड कानाला टेकवून हातोडीने हळूहळू, आळीपाळीने सगळ्या कानांवर. पाना बसणारी मोठी प्लास्टिकची चकती असेल तर तिचं खास अवजार मिळतं, ते भाड्याने किंवा उसनं आणा. सांगाडा सरळ वर ओढायचा नाही, फ्लोटची तार अडते. थोडा वर, मग तिरका करून बाहेर. त्यात अर्धा-पाऊण लिटर पेट्रोल उरलेलं असतं, खाली ट्रे हवा. टाकीचं तोंड लगेच स्वच्छ फडक्याने झाका.

पंप एकटा बदलायचा की अख्खी असेंब्ली? पैशांत बराच फरक आहे. माझं म्हणणं, पोचायला अर्धा दिवस घातल्यावर फ्लोट जुनाच ठेवून चार महिन्यांनी परत टाकी उतरवू नये. पण एकटा पंपच घेणार असाल तर सोबत जाळी नवी घ्या, आणि आतला छोटा पाइप बदलायचा झाला तर पेट्रोलमध्ये बुडून राहण्यासाठीचाच घ्या. त्यावर ३० आर १० असं छापलेलं असतं. बाहेरचा साधा पेट्रोल पाइप टाकीच्या आत लावला तर तो फुगतो आणि सुटतो. आता पेट्रोल भरायच्या पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्यामुळे जुन्या गाड्यांची रबरं बघून घ्यायची ही चांगली संधी आहे.

परत बसवणं

सांगाड्याच्या झाकणाखालची जुनी रबरी ओ-रिंग परत लावू नका. बाहेर आली की ती फुगते आणि खाचेत बसत नाही. नवी रिंग बोटभर पेट्रोलने ओली करून खाचेत सपाट बसवा, बाण खुणेला लावा, लॉक रिंग फिरवा.

टाकी अर्धी वर घेतली की कप्लर आणि नळ्या जोडा. 'टक्' असा आवाज आल्यावर प्रत्येक नळी एकदा उलटी ओढून बघा. पट्टे पूर्ण आवळण्याआधी, किंवा हौदा ठोकळ्यांवर असतानाच, टाकीत पाच-सात लिटर पेट्रोल घाला, सांडलेलं पुसून वास जाऊ द्या, बॅटरी आणि फ्यूज जोडा आणि चावी तीन-चार वेळा ऑन-ऑफ करा. दर वेळी पंप दोन सेकंद फिरेल आणि लाइन भरेल. आता टाकीच्या डोक्यावर बोट फिरवा. कोरडं हवं. ओलं लागलं तर ओ-रिंग पिळलीय, परत उघडा. सगळं बंद करून झाल्यावर हे कळलं की काय वाटतं ते मेव्हण्याला विचारा.

कोरडं असेल तर पट्टे आवळा, बोल्टांना ग्रीस लावा, फिलर आणि ब्रीदरचे क्लॅम्प बसवा, मागचे दिवे लागतात का बघा. गाडी पेट्रोलवरच पंधरा मिनिटं चालू ठेवा आणि मगच सीएनजीचा व्हॉल्व्ह उघडा. काढलेलं पेट्रोल बारीक कापडातून गाळून टाकीत परत घालता येतं. त्यात पाणी किंवा गंज दिसला तर ते गटारात ओतू नका, आपली गटारं खाडीला जातात आणि वाटेत वाफ पेटली तर वेगळंच. गॅरेजवाल्याच्या जळक्या तेलाच्या ड्रमवाल्याला द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्फ मारण्याआधी गाडीखाली वाकून एकदा वास घ्या आणि आठवड्याने पट्ट्यांचे बोल्ट पुन्हा एकदा आवळून बघा.